कळंबोलीची कण्हेर

समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाने आमच्या कुत्रीला बिस्कीट दिलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

हा तोच माणूस, जो सोसायटीच्या ग्रुपवर 'लिफ्टमध्ये कुत्रं नको' म्हणून वर्षभर नाकाने कांदे सोलत होता. कुत्री लिफ्टमध्ये शिरली की हा बाबा पाठ भिंतीला टेकवून, श्वास कोंडून उभा. आणि त्या दिवशी तोच आपल्या दारात ओणवा होऊन, हात लांब करून 'घे, घे' करत होता. मी दाराच्या भिंगातून बघत होते. हो, बघते मी. ते भिंग बघायलाच बसवलेलं असतं. ज्याला कुत्रं डोळ्यासमोर नको तो एकाएकी बिस्कीट का देईल, सांगा मला. आणि त्याच आठवड्यात कुत्री ओकायला लागली.

माझा स्वभाव मेला मुळातच संशयी. दुधाच्या पिशवीवरची तारीख मी चष्मा लावून वाचते, भाजीवाल्याच्या काट्याखाली वाकून बघते, इस्त्रीवाल्याकडून आलेले कपडे त्याच्यासमोर मोजते. आमचे हे म्हणायचे, "तू पोलिसात गेली असतीस तर नवी मुंबईतल्या चोरांनी गाव गाठलं असतं." ह्यांना जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. त्यामुळे माझ्या संशयावर हसणारं घरात कुणी उरलं नव्हतं, आणि ज्याच्यावर कुणी हसत नाही तो संशय फार माजतो.

हे वाशीच्या मार्केटात माथाडी होते. कांदा-बटाट्याच्या गाळ्यांमध्ये उभा जन्म पाठीवर पोती वाहिली. तिथेच रिकाम्या पोत्यांच्या ढिगामागे ही कुत्री जन्मली. काळी, एका कानाला पांढरा ठिपका. दुपारी जेवण झालं की हे आपल्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, वाडग्यात पाणी घ्यायचे, अर्धंअधिक प्यायचे आणि शेवटचा घोट तसाच ठेवून वाडगा जमिनीवर सरकवायचे. तो घोट हिचा. कामावरून निवृत्त झाले त्या दिवशी लोकांनी घातलेला हार, शाल, नारळ आणि ही कुत्री घेऊन घरी आले. मी म्हटलं, "हार ठीक आहे, हिचं काय?" तर म्हणाले, "तीपण रिटायर झाली." पुढे मुलाने खारघरला उंच इमारतीत फ्लॅट घेतला तेव्हा वाडगाही आला आणि कुत्रीही आली. नाव म्हणून तिला कधी ठेवलं नाही. हे 'ए बये' म्हणायचे, मीही तेच म्हणते. हे गेल्यावर ती दारापाशी किती दिवस बसून होती ते सांगायला लागले तर मला रडू येईल, म्हणून नको.

पण दहाव्याचं सांगायला हवं, कारण सगळं तिथे अडकलं आहे. पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. झाडावर बसलेले, खाली बघतायत, पण एक उतरेल तर शपथ. मुलगा म्हणाला, आईला सांभाळीन. नाही. घराचा हप्ता वेळेवर भरीन. नाही. गुरुजी घड्याळ बघायला लागले. मग मीच पुढे झाले आणि हात जोडून म्हटलं, "तुमच्या कुत्रीला अंतर देणार नाही. माझ्या हातून तिला काही होऊ देणार नाही." तोंडातून शब्द निघायचा अवकाश, कावळा झपकन खाली. पोराने माझ्याकडे बघितलं, मी पोराकडे. आता ह्याला कुणी योगायोग म्हणेल, म्हणो बापडा. मी शब्द दिला होता आणि त्यांनी तो घेतला होता.

म्हणून कुत्री ओकली तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली.

आधी वाटलं, काहीतरी शिळंपाकं खाल्लं असेल. पण तोंडातून लाळ गळायला लागली, मागचे पाय लटपटायला लागले, हाक मारली तर नुसती शेपटी हलवायची. मुलगा तिला उचलून खाली घेऊन गेला, मी मागोमाग. जनावरांचा डॉक्टर तरुण, शांत बोलणारा. त्याने छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही.

"आजी, ठोके फार मंद आहेत. मधेच चुकतायत. काय खाल्लं हिने?"

"मी देते तेच. दूध-भाकरी, दुपारी भात. बाहेरचं काही नाही." मग मी आवाज खाली आणून बिस्किटाचं सांगितलं. त्याने मान हलवली, पण लिहून काही घेतलं नाही. मला ते आवडलं नाही.

सलाइन लावलं, तिला तिथेच ठेवून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती टुकटुकीत होऊन घरी आली. सूनबाई तोवर फोन घेऊन बसली होती. तिचं सगळं फोनवर. दूध उतू गेलं तरी ती आधी फोनवर बघेल का उतू गेलं.

"आई, हे बघा. कुत्र्यांना घरातली कितीतरी झाडं चालत नाहीत. आपला मनी प्लांट पण आहे यात."

मनी प्लांट तिचा. माहेरून आणलेला, टीव्हीच्या मागून फिरून खिडकीपर्यंत गेलेला. वेलीची खालची दोन पानं कुरतडलेलीही दिसली. मी म्हटलं, "मग काढ तो आत्ताच्या आत्ता." तिचा चेहरा पडला, पण काढला बिचारीने. मला मनातून बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग तिने फोन पुन्हा वर केला. "आणि आई, कण्हेर पण आहे. कण्हेर तर म्हणे फारच वाईट."

इथे माझं डोकं फिरलं.

कण्हेर ह्यांची होती. साताऱ्याची एसटी पकडायला आम्ही एकदा कळंबोलीला उभे होतो. हायवेच्या मधल्या पट्ट्यातली कण्हेर छाटायचं काम चाललं होतं, कडेला फांद्यांचा ढीग पडलेला. ह्यांनी त्यातली हातभर फांदी उचलली, माझा रुमाल भिजवून तिला गुंडाळला, आणि ती फांदी आमच्याबरोबर गावाला गेली, चार दिवस पाहुणचार घेऊन खारघरला परत आली. रंगाच्या रिकाम्या बादलीत लावली. जगली. पानं आली, उंची आली, पण फूल काही धरेना. हे रोज सकाळी तिच्याशी बोलायचे, "अगं, ट्रकच्या धुरात फुलत होतीस, इथे काय झालं तुला?" ते असेपर्यंत एक कळी आली नाही. ते गेले आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात गुलाबी फुलांनी बादली झाकून गेली. आता हे झाड काढा म्हणे!

"गुरं कण्हेरीला तोंड लावत नाहीत," मी सुनेला सांगितलं. "आमच्याकडे बांधावर असते. शेळीसुद्धा, जी चप्पल खाते, ती कण्हेरीकडे बघत नाही. जनावराला कळतं. आणि हिने तोंड लावलंय कुठे? बघ ये."

बादली बाल्कनीत, लोखंडी स्टँडवर, कुत्रीच्या डोक्याच्या कितीतरी वर. मी एकेक पान उलटून दाखवलं. पान न् पान शाबूत. खाली गळलेलं फूल नाही, कारण सकाळी मीच सगळी वेचून घेत होते. सुनेने फोन खाली ठेवला. पण माझ्या मनात आलं ते आलंच. आधी म्हणाली, बाबांचा फोटो हॉलमधून आतल्या खोलीत लावू या. मग म्हणाली, फोटोखालचा पाट येता-जाता पायात येतो. आता कण्हेर. एकेक करून ह्यांचं सगळं घराबाहेर काढायचा घाट दिसतो! चहा मात्र त्या दिवशी माझा मीच करून घेतला.

पाटाचं सांगते. एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती.

माणूस गेलं की आमच्यात त्या जागी दिवा आणि पाणी ठेवतात. दिव्याखाली पीठ पसरतात, त्यावर काही उमटतं का बघतात. ह्यांच्या वेळी कुणीतरी पंखा लावला आणि पीठ उडालं, उमटलं की नाही कळलंच नाही. ते मला फार लागलं. तेरावं झाल्यावर दिवा उचलला, पण पाणी उचलायला माझा हात होईना. ह्यांच्या फोटोखाली पाटावर त्यांचाच जर्मनचा वाडगा मी रोज आंघोळीनंतर भरून ठेवायला लागले. आणि संध्याकाळी दिवाबत्तीला बघायची, तर पाणी उतरलेलं असायचं. कधी बोटभर, कधी दोन बोटं.

आता तुम्ही म्हणाल, खारघरचा उन्हाळा, वरून पंखा, पाणी आटणारच. मीही म्हटलं होतं. जी बाई काट्याखाली वाकून बघते तिने हे बघितलं नसेल का? मी स्वयंपाकघरात तेवढंच पाणी दुसऱ्या भांड्यात ठेवून बघितलं. ते जेमतेम केसभर उतरलं. वाडग्यातलं मात्र दोन बोटं. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मी संशय घेतला, पण ह्या एका गोष्टीवर घ्यावासा वाटला नाही. घ्यायचाच नव्हता मला. दुपारी मी आत पडायला जायची, आणि त्या वेळात हे येऊन पाणी पिऊन जातात, एवढं मला पुरत होतं. पूर्वी मी पाटावर शेवंतीची चार फुलं ठेवायची. कण्हेर फुलल्यापासून विकतची फुलं बंद केली. त्यांच्या हातचं झाड, त्यांनाच फुलं. फोटोला वाहिली तर पंख्याने लगेच मान टाकायची, म्हणून मी ती ओंजळभर फुलं वाडग्यातल्या पाण्यातच सोडायची. दिवसभर ताजी राहायची.

मनी प्लांट गेला आणि आठ-दहा दिवसांत कुत्री पुन्हा पडली.

या वेळी पहिल्यापेक्षा वाईट. हिरड्या पांढऱ्या, अंग गार. डॉक्टरने सलाइन लावता लावता मुलाला बाजूला घेतलं, पण माझे कान तिखट. "वय झालंय हिचं. आता परत असं झालं तर हृदय टिकणार नाही. काहीतरी पोटात जातंय, ते शोधा." वाटेत मुलगा म्हणाला, "आई, आपल्या इथे कुणीतरी मुद्दाम करतंय असं तुझं म्हणणं असेल, तर हिला गावाला काकांकडे ठेवू. निदान जगेल तरी." गावाला! तिकडे काकाची तीन कुत्री, ही म्हातारी, तिला कोण विचारणार? आणि मी दिलेला शब्द? दहाव्याला हात जोडून दिलेला शब्द काय एसटीत बसवून पाठवायचा असतो?

तडक वर गेले आणि समोरची बेल दाबली.

"अहो, बिस्किटात काय घातलं होतंत?" मी सरळच विचारलं. आडवळणाने विचारायचा माझा पिंड नाही.

तो गडबडला. हातात टॉवेल, अर्ध्या गालाला साबण. "काकू, काहीतरीच काय! साधं ग्लुकोजचं बिस्कीट. अर्धं मी खाल्लं, अर्धं तिला दिलं."

"तुम्हाला तर कुत्रं चालत नाही."

"चालत नाही म्हणजे भीती वाटते हो. लहानपणी चावलं होतं. मुलगी म्हणाली, एकदा हाताने खायला द्या, भीती जाईल." मग जरा थांबून म्हणाला, "गेली नाही."

मला काही पटलं नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! पण गालावर साबण असलेल्या माणसाशी किती भांडणार. मी घरी आले आणि ठरवलं: आता बघतेच. कुत्री घरी आली की दाराला आतून कडी. बाहेरचं कुणी आत नाही, आतलं काही बाहेर नाही. तिला माझ्या हाताशिवाय एक घास नाही. आणि दुपारी मी झोपणार नाही.

तिला घरी आणल्यावर मी तसंच केलं. मुलगा-सून कामावर गेले. कडी लावली, वर साखळी लावली. रोजच्यासारखी आंघोळ, पूजा, वाडगा भरला, फुलं सोडली. कुत्री पाटाशेजारी तिच्या गोणपाटावर पडून माझ्याकडे बघत होती. या कुत्रीने नैवेद्याच्या ताटाला कधी नाक लावलं नाही हो, गणपतीत मोदकांचं ताट तिच्या तोंडासमोर असलं तरी. दुपारी तिला मऊ भात भरवला, झोपायला गेल्यासारखं केलं आणि स्वयंपाकघरात दारामागे स्टूल टाकून बसले. तिथून बाहेरचं दार दिसत होतं. डोळे त्या कडीवर, हातात लाटणं.

इमारत दुपारची चिडीचूप असते. लिफ्ट एकदा वर जाऊन खाली आली. समोरच्याचं दार वाजलं, माझी मूठ आवळली, पण तो आपला खाली गेला. मग बराच वेळ काही नाही.

आणि हॉलमधून पाण्याचा आवाज आला.

लप, लप. सावकाश. कुणीतरी पाणी पीत होतं.

माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे. खरं सांगते, मी लाटणं खाली ठेवलं आणि पदर सारखा केला. इतक्या महिन्यांनी हे आलेत आणि मी अशी स्टुलावर बसलेली! हलले तर जातील, म्हणून श्वाससुद्धा हळू घेतला. आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. मग राहवेना. मी भिंतीला धरून धरून पुढे झाले आणि डोकावले.

कुत्री होती. पुढचे दोन पाय पाटाला न लावता, मान लांब करून, फुलं नाकाने बाजूला सारून वाडग्यातलं पाणी पीत होती. तिच्या नाकावर कण्हेरीची एक गुलाबी पाकळी चिकटली होती. मला बघितल्यावर ती मागे सरली आणि मान खाली घातली, चोरी पकडल्यासारखी.

काखेत कळसा नि गावाला वळसा. समोरच्याच्या दारावर पहारा करत होते मी, आणि विष रोज सकाळी माझ्या हाताने, आंघोळ करून, हात जोडून मांडत होते. पण ते नंतर सुचलं. त्या क्षणी एकच सुचलं की ते येत नव्हते. पाणी ही पीत होती. इतके दिवस हीच पीत होती. हे माझ्यापुरते दुसऱ्यांदा गेले. मी तिथेच फरशीवर बसले आणि मोठ्याने रडले, आणि ती येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवायला लागली तेव्हा मला तिच्या नाकावरची पाकळी दिसली आणि मी भानावर आले.

डॉक्टरला फोन लावला. "कण्हेरीची फुलं ठेवलेलं पाणी प्यायलीय."

"पाणी? आजी, आहात तशा निघा. पान चावायचीसुद्धा गरज नाही, ते पाणीच पुरे आहे."

मुलगा कामावर, रिक्षावाला कुत्रं बघून थांबेना. तेवढ्यात गेटातून समोरचाच परत येताना दिसला. मी त्याला काही विचारलं नाही, नुसतं म्हटलं, "गाडी काढा." त्याने कुत्रीकडे बघितलं, पांढराफटक पडला आणि गाडी काढली. सबंध वाटेत तो स्टीअरिंगला छाती टेकवून, मागे न बघता चालवत होता. डॉक्टरने तिला काळी पूड पाण्यात कालवून पाजली, सुया दिल्या, छातीला तारा लावल्या. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो. त्याने मधेच विचारलं, "जगेल ना, काकू?"

जगली. म्हातारीची हाडं मार्केटातली, चिवट. दोन रात्री तिथे काढून ती घरी आली.

सुनेला मी सगळं सांगितलं, पाणी उतरायचं तेसुद्धा. वाटलं होतं हसेल, निदान 'मी सांगत होते' म्हणेल. पण नाही. उठून तिने फोटोवरची धूळ पुसली आणि आत निघून गेली. तिचे डोळे लाल होते. फोन मात्र तिथेच विसरली.

कण्हेरीचं काय करायचं हा प्रश्न होता. कचऱ्यात टाकू देईना मी, आणि घरात ठेवायची सोय नव्हती. मुलगा बादली घेऊन दारात उभा, तेवढ्यात समोरचा म्हणाला, "मला द्या. माझ्या घरात कुत्रं नाही आणि जन्मात यायचं नाही." दिली. गळलेली फुलं रोज वेचायची, हात धुवायचे, पाण्यात ठेवायची नाहीत, असं तीनदा बजावून दिली. तो पाणी घालतो की नाही ह्यावर माझी नजर आहे. त्याचं दार उघडं असलं की भिंगातून बाल्कनीपर्यंत दिसतं.

वाडगा मी उचलून माळ्यावर टाकला होता. पण घरी आल्यावर कुत्री पाणी पिईना. स्टीलच्या भांड्याला तोंड लावेना, रिकाम्या पाटाशेजारी जाऊन पडायची. डॉक्टर म्हणे, पाणी पोटात गेलंच पाहिजे. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. ती चोरून पीत नव्हती. मार्केटात होती तेव्हापासून त्या वाडग्यातलं शेवटचं पाणी तिचंच होतं.

वाडगा काढला, साबणाने घासला, उकळत्या पाण्याने धुतला, पुन्हा घासला. साधं पाणी भरून पाटावर ठेवला. फुलं नाहीत, काही नाही. ती उठून बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "पी, बये. त्यांच्या वाटणीचं तूच पी." मग तिला लाज वाटू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून बसले. ऐकत राहिले. लप, लप, लप. पुष्कळ प्यायली.

आवाज थांबला तेव्हा मी वळले. ती गोणपाटावर जाऊन पडली होती, मिशीवरून पाणी ठिबकत होतं. वाडग्याच्या तळाशी एक घोट तसाच उरला होता. एवढी तहानलेली, पण तेवढा तिने ठेवला होता.

"ए बये," मी तिला विचारलं, "हा कुणासाठी ठेवलास?"